मुलीला लायब्ररीतल्या कुत्र्याला पुस्तक वाचून दाखवायला न्यावं का? कुणाला अनुभव आहे का?

चिऊची_आई_युटा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. लेक आठ वर्षांची, तिसरीत. घरात मराठी, शाळेत इंग्लिश. मनातल्या मनात वाचते तेव्हा तिला सगळं कळतं, नंतर गोष्ट विचारली तर कोणाच्या कुत्र्याचं नाव काय होतं इथपर्यंत सांगते, पण मोठ्याने वाच म्हटलं की संपलं. आवाज एकदम बारीक होतो, ओळीखाली बोट इतकं दाबून धरते की नख पांढरं पडतं, एखादा लांब शब्द आला की थांबते, माझ्या तोंडाकडे बघते आणि मी काही बोलायच्या आतच पुस्तक मिटून टाकते. वर्गात आळीपाळीने परिच्छेद वाचायला देतात तेव्हा म्हणे बरोबर आपला नंबर यायच्या आधी बाथरूमला जाते, हे टीचरनी मागच्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा मला कसंतरीच झालं.

तर त्याच टीचर म्हणाल्या की इथल्या लायब्ररीत रीडिंग डॉग येतात, मूल आणि कुत्रा जमिनीवर बसतात आणि मूल त्याला पुस्तक वाचून दाखवतं, एकदा नेऊन बघा. फुकट आहे. नवरा म्हणतो जाऊन येऊ, बिघडतंय काय. सासूबाई सध्या साताऱ्याहून आल्यात त्यांनी कपाळाला हात लावला. "गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता" हे त्या दिवसातून दोनदा तरी म्हणतायत आणि मुलगी मेली विचारतेय गीता कोण.

मला स्वतःला कळत नाहीये. खरंच काही फायदा होतो का हे अमेरिकन लोकांचं नवीन फॅड आहे? दुसरं म्हणजे मागच्या वर्षी गावी गेलो होतो तेव्हा गल्लीतली दोन कुत्री हिच्या मागे लागली होती, चावली नाहीत पण तेव्हापासून मोठा कुत्रा दिसला की माझ्या मागे लपते. अशा मुलीला न्यावं का? आणि आईने तिथे बसायचं असतं का बाहेर? कुणी नेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

दोन_लॅबची_मावशी

अगं तू अगदी गंगेच्या काठावर बसून पाणी कुठे मिळेल विचारतेयस! हे सगळं तुमच्याच गावात सुरू झालंय. इंटरमाउंटन थेरपी अ‍ॅनिमल्स म्हणून सॉल्ट लेकचीच संस्था आहे, तिथल्या सँडी मार्टिन नावाच्या नर्सबाईंनी ही कल्पना काढली. हॉस्पिटलमध्ये थेरपीची कुत्री आली की पेशंट निवांत होतात, बोलायला लागतात, हे त्यांनी बघितलेलं होतं, मग वाचताना घाबरणाऱ्या पोरांना का नाही हा साधा विचार. १९९९ साली सॉल्ट लेकच्या सार्वजनिक लायब्ररीत सुरुवात झाली, नाव रीडिंग एज्युकेशन असिस्टन्स डॉग्ज, थोडक्यात रीड. आता पंचवीस वर्षं होऊन गेली म्हणजे फॅड म्हणायला जरा उशीर झालाय.

मी न्यू जर्सीत असते, माझ्या दोन लॅबपैकी थोरली रजिस्टर्ड थेरपी डॉग आहे (धाकटीला जन्मात कोणी पास करणार नाही, ती पुस्तक खाईल). लायब्ररीत आणि एका शाळेत आम्ही जातो. आत नेमकं काय होतं ते सांगते म्हणजे तुझी भीती जाईल.

एका कोपऱ्यात सतरंजी घालतात. कुत्री आडवी पडते, मी तिच्या एका बाजूला, मूल दुसऱ्या बाजूला. एका मुलाला साधारण पंधरा-वीस मिनिटं, एका वेळी एकच मूल, बाकीची पोरं घोळका करून बघत बसलीयत असं नाही. आधी ओळख करून देते, हात कसा पुढे करायचा ते दाखवते, मग मूल आपलं पुस्तक निवडतं. हे महत्त्वाचं, पुस्तक त्याने निवडायचं. कुत्र्यांचीच पुस्तकं आणायला हवीत असं काही नाही, माझ्या कुत्रीने डायनासोर, फायर ट्रक आणि दात कसे किडतात हे सगळं ऐकलंय.

मग मूल अडखळतं. इथे हँडलरची, म्हणजे कुत्र्याला घेऊन येणाऱ्या माणसाची, खरी परीक्षा असते. आम्हाला शिकवलेलं असतं की चूक दाखवायची नाही, शब्द पटकन सांगून मोकळं व्हायचं नाही. थांबायचं. अगदीच अडलं तर कुत्रीच्या तोंडी बोलायचं, "हा शब्द तिने कधी ऐकलेला नाही बहुतेक, काय असेल गं त्याचा अर्थ, तिला सांगशील का?" की मग मूल चित्र बघतं, मागचं वाक्य परत वाचतं, आणि कुत्रीला समजावून सांगायला लागतं. एका क्षणात ते विद्यार्थी राहत नाही, मास्तर होतं. एक पोरगा होता, त्याला एनफ शब्द कधी जमायचा नाही, तो दर वेळी कुत्रीचा कान वर उचलायचा, त्या कानात हळूच एनफ म्हणून बघायचा आणि बरोबर वाटला की मगच मोठ्याने वाचायचा. मी आपली दुसरीकडे बघत बसायचे.

कुत्रा मध्ये झोपला तर चालतं का हा प्रश्न सगळे आईबाप विचारतात. चालतं. मुलं स्वतःच म्हणतात की तिला गोष्ट ऐकता ऐकता झोप लागली. घोरली तर मात्र हसतात आणि तेही बरंच आहे.

आईने बसायचं का? माझं स्पष्ट मत, ऐकू येणार नाही इतक्या लांब बसायचं. काही ठिकाणी नियम म्हणून आईवडिलांना त्याच खोलीत थांबावं लागतं, मग थांब, पण पुस्तक हातात घेऊन स्वतःचं वाचत बस. मुलीकडे मान लांब करून ओठ हलवत बसलेल्या आया मी इतक्या बघितल्यात की विचारू नकोस. तू लिहिलंयस ना ती तुझ्या तोंडाकडे बघते, तेच तर काढायचंय.

आता भीतीचं. सरळ मांडीवर डोकं ठेवणाऱ्या लॅबशेजारी नेऊन बसवू नको. आधी फोन करून लायब्ररीत सांग, पहिल्यांदा नुसतं लांबून बघायला येतोय म्हणून. ही कुत्री रस्त्यावरच्या कुत्र्यांसारखी अंगावर येत नाहीत, पट्टा कायम हँडलरच्या हातात असतो. मी ज्या संस्थेत आहे, पेट पार्टनर्स, तिथे दर दोन वर्षांनी कुत्रा आणि माणूस दोघांची परत परीक्षा होते, भेटीच्या आधी चोवीस तासांत आंघोळ किंवा स्वच्छ विंचरून नेणं, नखं कापणं, सगळं बघतात, कच्चं मांस खाणारा प्राणी तर घेतच नाहीत कारण त्यातून मुलांना जंतू लागू शकतात. दिवसात दोन तासांवर काम नाही. आणि रीडमध्ये फक्त कुत्रेच असतात असं नाही, मांजरं, ससे, गिनी पिग पण असतात, तर विचारून बघ एखादं मांजर येतं का तुमच्याकडे. लायब्ररीत डाव्या हाताला मांजर झोपलंय आणि चिऊ वाचतेय, सासूबाईंना पण चालेल!

शंकेखोर

वरच्या मावशींचं लिखाण छान आहे, पण धागाकर्तीने विचारलंय की खरंच फायदा होतो का, म्हणून थोडं थंड पाणी ओततो. रागवू नका, माझं पोटापाण्याचं कामच आकडे तपासायचं आहे.

या विषयावर जे काही छापून आलंय ते २०१६ मध्ये हॉल, गी आणि मिल्स या तिघांनी एकत्र तपासलं. ४८ अभ्यास सापडले. त्यातले निम्म्याहून जास्त पुराव्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, म्हणजे अनुभवकथन, मतं वगैरे. सगळ्यात वरच्या पायरीवर एकही नाही. त्यांचा निष्कर्ष साधारण असा की मुलांच्या वागण्यावर, वाचनाच्या वातावरणावर चांगला परिणाम दिसतो, पण पुरावा कच्चा आहे, नीट अभ्यास करा. त्यामुळे कुठे "वाचन तीस टक्क्यांनी सुधारलं" असं पोस्टर दिसलं तर आधी किती मुलं होती आणि तुलना कोणाशी केली हे विचारा.

जे बरे अभ्यास आहेत त्यातला मला आवडलेला दक्षिण आफ्रिकेतला, २०१४ चा. तिसरीतली १०२ मुलं, वाचनात मागे असलेली, आठवड्यातून एकदा असं दहा आठवडे. त्यांनी हुशारी अशी केली की एका गटाने कुत्र्याला वाचून दाखवलं, एका गटाने मोठ्या माणसाला, एका गटाने टेडी बेअरला आणि एका गटाने काहीच नाही. कुत्र्याच्या गटाचं आकलन बाकीच्यांपेक्षा चांगलं निघालं. टेडी ठेवला हे महत्त्वाचं, नाहीतर कोणीही म्हणेल की कुत्रा कशाला, गप्प बसणारं काहीही चालेल.

उलट बाजूला अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाचा. दुसरीतली २८ मुलं, सहा आठवडे, आठवड्यातून अर्धा तास. तिथे वाचनाच्या गुणांमध्ये म्हणावा असा फरक पडलाच नाही. पण शाळेच्या वाचनाबद्दल मुलांना काय वाटतं ते मोजलं तर कुत्र्याच्या गटात ते सुधारलं होतं. आणि कॅनडातला एक २०१९ चा छोटा अभ्यास आहे, पहिली ते तिसरीची फक्त १७ मुलं, त्यांना मुद्दाम त्यांच्या पातळीपेक्षा थोडं अवघड वाचायला दिलं. कुत्रा शेजारी असताना मुलं जास्त वेळ टिकून राहिली, सोडून दिलं नाही.

आता हे तिन्ही शेजारी ठेवून बघा. कुत्रा अक्षरं शिकवत नाही, तो मुलाला पुस्तकापाशी थोडा जास्त वेळ बसवून ठेवतो. शिकणं त्या वाढीव वेळात होतं, झालं तर. म्हणजे सहा आठवड्यांत मार्क वाढतील या आशेने नेऊ नका, तुमची मुलगी पुस्तक मिटते ते पाच मिनिटं उशिरा मिटेल का, या आशेने न्या.

आणि शरीराच्या अंगाने थोडा जुना आधार आहे. १९८३ मध्ये फ्रीडमन वगैरे मंडळींनी मुलांचं ब्लड प्रेशर मोजलं होतं, नुसतं बसलेले असताना आणि मोठ्याने वाचताना. मोठ्याने वाचताना ते वाढतं, सगळ्यांचंच. खोलीत कुत्रा असला की दोन्ही वेळेला कमी भरलं. त्यामुळे तुमची मुलगी नाटक करत नाहीये, मोठ्याने वाचणं हा अंगाला ताण असतोच.

एक मात्र कळकळीने. तिसरीत आहे, आकलन चांगलं, मोठ्याने वाचताना अडकते, हा नुसता लाजाळूपणा असू शकतो किंवा डिस्लेक्सियाही (अक्षरं-शब्द वाचण्यातली मुळातली अडचण) असू शकतो, हुशार मुलं अंदाजाने आणि चित्रावरून गोष्ट पकडतात आणि ते झाकलं जातं. ती पहिल्यांदाच बघत असलेला परिच्छेद वाचायला देऊन बघा, किंवा अर्थ नसलेले बनावट शब्द. तुम्हाला शाळेकडे लेखी अर्ज देऊन तपासणी मागता येते, अमेरिकेत तो पालकांचा हक्क आहे. डोळे आणि कान पण तपासून घ्या. कुत्रा त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही.

चिऊची_आई_युटा

बापरे, किती छान माहिती, दोघांचे आभार. शंकेखोर, बनावट शब्दांचं आजच करून बघितलं, चार-पाच शब्द लिहून दिले. अगदी वाईट नाही वाचले पण मी समोर बसले होते म्हणून असेल, काही कळत नाही. शाळेला ईमेल लिहिते आजच.

मावशी, तुम्ही आयांबद्दल लिहिलंय ते वाचून नवरा खूप वेळ हसत होता. काहीही बोलत नाहीये मी यावर.

झेडपीची_बाई

मी इथे नुसती वाचत असते, आज राहवलं नाही म्हणून लिहिते. पंढरपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पहिली ते चौथी सगळे वर्ग झाले हातून.

आमच्याकडे वर्गात कुत्रा आणायचा म्हटलं तर केंद्रप्रमुख मला कुठे पाठवतील सांगता येत नाही. आणि आणूही नये, शाळेच्या आवारात फिरणारी कुत्री लस न दिलेली असतात, रेबीज आपल्याकडे अजून आहे, पोरं खिचडीची ताटं घेऊन बसलेली असतात. तर कुत्रा बाजूला ठेवा, पण यातली गोम मला शंभर टक्के पटली कारण आम्ही ती रोज बघतो.

प्रकट वाचन म्हणजे काय होतं वर्गात? पोरगं उभं राहतं. पुस्तक दोन्ही हातांत. "कृ... कृष्... कृष्ण..." तेवढ्यात पहिल्या बाकावरची हुशार मंडळी कोरसमध्ये "कृष्णा!" ओरडतात. बाई पण म्हणतात "हां, कृष्णा, पुढे." पोराने जोडाक्षर फोडायला घेतलेलं असतं, अर्धं आलेलं असतं, ते त्याच्या तोंडातून काढून घेतलं जातं. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी तो प्रयत्नच करत नाही, थांबतो आणि वाट बघतो कोणीतरी सांगेल म्हणून. मग आम्ही शेरा लिहितो "वाचन सरावाची गरज." अहो सराव करू कुठे देतो आपण! असर म्हणून मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी होते, तिचे आकडे दर वेळी पेपरात येतात, २०२२ मध्ये देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या फक्त २०.५ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता, कोविडचा मोठा वाटा होता त्यात, नंतर जरा सुधारलं, पण तो आकडा वाचताना मला नेहमी हा कोरस ऐकू येतो.

मी करते ते सांगते, तुमच्या उपयोगाचं असेल तर बघा. चौथीच्या अडखळणाऱ्या पोरांना बालवाडीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवायला पाठवते. त्या बारक्यांना चूक कळत नाही, त्यांना फक्त पुढे काय झालं ते हवं असतं आणि चित्र दाखव म्हणून अंगावर चढतात. दुसरं, घरी ज्याची आजी निरक्षर आहे त्याला मुद्दाम आजीला वाचून दाखवायचा गृहपाठ. एका आजीने मला बाजारात गाठून विचारलं, त्या कोल्ह्याचं पुढं काय झालं, पोरगं पुस्तक शाळेत विसरून आलं. वर्गात कोरस बंद, ज्याला शब्द येतो त्याने नाकावर बोट ठेवायचं, तोंड उघडायचं नाही. सगळी नाकावर बोटं ठेवून बसतात आणि वाचणाऱ्याला हसू येतं, पण ते वेगळं हसू असतं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो त्या दिवशी सगळे मोठाले कार्यक्रम करतात, मी त्या दिवशी फक्त जोड्या लावून झाडाखाली बसवते.

तर चिऊच्या आई, कुत्रा मिळतोय तर नक्की न्या, आणि घरी सासूबाई आहेत ना? त्यांना इंग्लिश वाचता येतं का? येत नसेल तर सोन्याहून पिवळं. त्यांना चिऊने इंग्लिश पुस्तक वाचून मराठीत सांगायचं. त्या चुका काढूच शकत नाहीत.

लंडनचा_पाहुणा

इंग्लंडात पण आहे. पेट्स अ‍ॅज थेरपी ही १९८३ पासूनची संस्था, त्यांचे स्वयंसेवक कुत्रे घेऊन शाळेत येतात वाचन ऐकायला. माझ्या मुलाच्या शाळेत ग्रेहाउंड यायचा, उंच, हडकुळा, शर्यतीतून रिटायर झालेला. मुलगा वाचायला शिकला की नाही माहीत नाही पण गुरुवारी पोटात दुखायचं बंद झालं, आधी दर गुरुवारी दुखायचं.

कोथरूडकर_आणि_गुंड्या

पुण्याहून लिहितोय. गुंड्या म्हणजे आमचा देशी, सोसायटीच्या पार्किंगमधून वर आला तो आलाच.

इकडे कोणाला उत्साह येऊन सोसायटीतल्या कुत्र्याला गोष्ट वाचायला पोरं बसवू नका, एवढं आधी लिहितो. कुत्रा प्रेमळ असणं वेगळं आणि थेरपीचा असणं वेगळं. थेरपीच्या कुत्र्याच्या अंगावर पुस्तक पडलं, पोर किंचाळलं, शेपटीवर पाय पडला तरी तो उठून बाजूला होतो, गुरगुरत नाही, आणि तो तसा आहे हे कोणीतरी तपासलेलं असतं. आमचा गुंड्या माझ्या मुलाचं तासभर ऐकेल पण पाहुण्यांच्या मुलाला दोन मिनिटांत कंटाळेल. भारतात हे काम शिकून करणारे लोक आहेत, अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन म्हणून मुंबई-पुण्याकडे बरीच वर्षं प्राण्यांच्या मदतीने थेरपी करतात, विशेष मुलांच्या शाळा वगैरे, कोणाला खरंच हवं असेल तर अशांना विचारा.

घरचा कुत्रा असेल तर मात्र करून बघायला हरकत नाही, आम्ही करतो. लस वेळच्या वेळी, जंत औषध वेळच्या वेळी, आणि मोठं माणूस त्याच खोलीत. मुलाला आधी कुत्रा वाचायला शिकवा, मग पुस्तक. म्हणजे तो जांभया देतोय, सारखे ओठ चाटतोय, मान फिरवतोय, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, तर त्याला नको झालंय. उठून गेला तर जाऊ द्यायचं, पट्टा धरून बसवायचं नाही. माझा मुलगा सुरुवातीला रडवेला व्हायचा की गुंड्याला माझी गोष्ट आवडत नाही, मग त्यानेच शोध लावला की गुंड्याला आवाज बदलून वाचलेलं आवडतं, राक्षसाच्या आवाजात वाचलं की कान उभे करतो. आता घरात राक्षसच राक्षस. शेजारच्या काकू विचारून गेल्या सगळं ठीक आहे ना. अभ्यासात किती फरक पडला ते शंकेखोरांना विचारा, पण मराठीच्या तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं म्हणे नाटकात काम करतोस का.

आणि बाहेरच्या कुत्र्याचा दात किंवा नख लागलंच तर साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुणे आणि त्याच दिवशी डॉक्टर, हळद-चुना-मिरची काही लावत बसू नका. विषयाला सोडून आहे पण चिऊचा साताऱ्याचा किस्सा वाचून राहवलं नाही.

शंकेखोर

राक्षसाचा आवाज ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. आवाज बदलायला वाक्य कुठे संपतं, कोण बोलतंय, प्रश्न आहे का राग आहे हे कळावं लागतं. एकेक शब्द सुटा वाचणाऱ्या मुलाला ते जमत नाही. आणि तेच वाक्य पुन्हापुन्हा वाचलं की वाचनाचा ओघ सुधारतो याला कुत्र्यांपेक्षा पुष्कळ जास्त पुरावा आहे. गुंड्या फुकटात तेच करून घेतोय.

चिऊची_आई_युटा

अपडेट. कोथरूडकर, राक्षसाची आयडिया ढापली आहे. झेडपीच्या बाई, तुम्हाला साष्टांग नमस्कार! सासूबाईंना इंग्लिश येत नाही आणि आता रोज संध्याकाळी त्या सोफ्यावर, चिऊ खाली, इंग्लिश वाचून मराठीत सांगणे असा कार्यक्रम लागलाय. त्या मध्येच "मग त्या मेल्याने काय केलं?" विचारतात. मी स्वयंपाकघरात तोंडावर हात ठेवून उभी. चुकीचा उच्चार ऐकू आला की पोळी करपते पण जात नाही बाहेर.

कुत्र्याचंही ठरलं. सासूबाईंनीच मार्ग काढला, परवा म्हणाल्या दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात ते चार वेद असं म्हणतात, म्हणजे ऐकत असतील बाई ती, जाऊन या. शनिवारी आधी नुसतं बघून आलो. गोल्डन रिट्रीवर होता, म्हातारा, तोंड पांढरं झालेलं. चिऊ खुर्चीमागे उभी राहून बघत होती, एका मुलाचं वाचून झालं तेव्हा त्याच्या पुस्तकात पंजाचा शिक्का मारून दिला, ते बघितल्यावर ही खुर्चीच्या पुढे आली. हात नाही लावला. पण गाडीत बसल्यावर विचारलं, त्याला मराठी येतं का?

तर मावशी, हा खरा प्रश्न आहे. मराठी पुस्तक नेलं तर चालेल का? तिचं मराठी वाचन इंग्लिशपेक्षा बरंच कच्चं आहे, अक्षरं ओळखते, जोडाक्षराला अडते. हँडलर बाई अमेरिकन आहेत.

दोन_लॅबची_मावशी

चालेल का काय, धावेल. इथे न्यू जर्सीत माझ्याकडे स्पॅनिश, तेलुगू, गुजराती सगळं येतं. आधी हँडलरला सांग म्हणजे त्या गोंधळणार नाहीत. आणि गंमत अशी की मराठी पुस्तक असलं की त्या खोलीत मराठी येणारी एकटी चिऊच. हँडलरला अर्थ विचारावाच लागणार, खोटं खोटं नाही, खरंच. मी तेलुगू ऐकताना सारखी विचारत असते, आता काय झालं, हा कोण, आणि पोरगी मला असं समजावते की मीच दुसरीत आहे.

पुस्तक मात्र जपून निवड. तिच्या इंग्लिशच्या पातळीचं मराठी पुस्तक नेलंस तर पहिल्या पानावर गाडी अडेल. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर साइट आहे, तिथे मराठी गोष्टी फुकट आहेत आणि पायऱ्या दिलेल्या आहेत, पहिल्या पायरीच्या काढ, एका पानावर एक-दोन ओळी असतात. प्रिंट काढून स्टेपल कर, टॅबलेट नको, कुत्र्याने नाक लावलं की पान उलटतं. घरी एकदा वाचून झालेली गोष्टच ने, नवीन नको. आणि पहिल्या वेळेला तिने नुसतं त्याच्या शेजारी बसून चित्रं दाखवली तरी पुष्कळ झालं, घरी आल्यावर किती वाचलं विचारू नकोस, कुत्र्याने काय केलं ते विचार.

शनिवारचे स्लॉट लवकर भरतात, आजच फोन कर. सासूबाईंना पण घेऊन जा.

चिऊची_आई_युटा

केला फोन. तीन आठवड्यांनंतरचा मिळालाय, साडेअकराचा. सासूबाई विचारतायत त्याला जाताना बेसनाचा लाडू नेला तर चालेल का.

दोन_लॅबची_मावशी

नाही!! हँडलरला न्या.